स्वतःची स्पोर्ट्स कार घेऊन ड्रायव्हिंग स्कूलला : सोलापूर ते इरुंगट्टुकोट्टई

होटगी_रोडकर

सेकंड हँड गाड्यांच्या धाग्यावर विषय भरकटायला लागला, म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न असा होता की सोलापुरात राहून स्पोर्ट्स कार घेतलीच आहे, तर ती नीट चालवायला शिकण्यासाठी परफॉर्मन्स ड्रायव्हिंग स्कूलला जावं का? आणि गेलंच तर गाडी आपली न्यावी की तिथली वापरावी?

मी आपली नेली. पोर्शे ७१८ केमन, सेकंड हँड. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०० पीएस (साधारण तेवढीच हॉर्सपॉवर), पीडीके म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन सीटच्या मागे आणि ताकद मागच्या चाकांना. आमचा टॉवेलचा कारखाना आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तिथली मंडळी अजून विचारतात, एवढ्या पैशात फॉर्च्युनर आली असती की. आली असती. पुढे.

ट्रॅक कुठला, हे आधी. आपल्याकडे मोजकेच पर्याय. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, १६ वळणांचं. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वर्षं वेटेल जिंकला. पण त्याचा किलोमीटरभर लांब सरळ पट्टा नवशिक्याच्या ब्रेकचं दिवाळं काढतो, शिवाय आपल्यापासून लांब. कोइम्बतूरचं करी स्पीडवे छोटं आहे, दोन किलोमीटरच्या आसपास, तंत्र शिकायला चांगलं. मी निवडलं चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक, १९९० पासूनचा. सुमारे ३.७ किलोमीटर आणि १२ वळणं. बंगळूरकडून येताना तो चेन्नईच्या अलीकडेच लागतो, शहरात शिरावं लागत नाही. हा फायदा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा.

रस्ता : विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लूर. साडेनऊशे किलोमीटरच्या घरात. महामार्ग चांगला आहे, त्रास गावातल्या स्पीडब्रेकरांचा. तिरकी घालून एकेक चाक चढवायचं आणि मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खायच्या.

तिथे पोचल्यावर आधी गाडीची तपासणी. गाडीत सुटं असेल ते सगळं बाहेर. पाण्याची बाटली, टोलच्या पावत्या, चार्जर, पायाखालची मॅटसुद्धा. आरशाला बांधलेला सिद्धरामेश्वरांचा फोटो सोडून खिशात ठेवायला लावला. बोनेटखालच्या डिकीतून कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणि शेंगाचटणीचा डबा निघाला तेव्हा तपासणारा तमिळ गृहस्थ हसायला लागला. डबा मात्र परत देताना हलका झाला होता. ब्रेक पॅड किती उरलेत, टायरच्या कडा कशा आहेत, चाकांचे बोल्ट घट्ट आहेत का, बॅटरी हलते का, इंजिनखाली तेल गळतंय का, गाडी ओढायचा टो हुक आहे का, हे पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. हेल्मेट हवंच.

मग बसायला शिकवतात. हो, बसायला! पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. आपण सगळे सोफ्यावर बसल्यासारखे मागे रेलून चालवतो, ते इथे पहिल्या तासात बंद होतं.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं तिथे वेग शिकवतात. दिवसाचा मोठा भाग ब्रेकवर गेला. पॅडॉकच्या, म्हणजे ट्रॅकशेजारच्या आवाराच्या, मोकळ्या जागेत शंकू लावलेले. ऐंशीच्या वेगाने यायचं आणि ठरलेल्या शंकूला ब्रेक पूर्ण ताकदीने मारायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण. पायाखाली एबीएसची थरथर जाणवली पाहिजे आणि गाडी थांबेपर्यंत पाय सैल पडता कामा नये. जवळजवळ कोणीच पहिल्या वेळी एवढा जोर लावत नाही. रस्त्यावर आपली सवय उलटी असते. आधी हलका दाबतो, मग जवळ आल्यावर घाबरून जास्त. ताशी १०० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, तेव्हा पहिला सेकंद चाचपडण्यात गेला की संपलं.

पुढचा सराव : ब्रेक पूर्ण दाबलेला ठेवूनच शंकूंच्या बाजूने गाडी काढायची. एबीएस असतो तो खरं तर यासाठी, की चाकं लॉक होऊ नयेत आणि स्टिअरिंग चालू राहावं. हे मला वाचून माहीत होतं. पायाला नव्हतं.

त्यानंतर ब्रेक सोडायला शिकवतात, आणि ते जास्त अवघड आहे. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, ती जमीन धरतात. वळणाच्या तोंडाशी ब्रेक एकदम सोडला तर पुढचं वजन उडतं आणि गाडी सरळ जाऊ पाहते. म्हणून जसजसं स्टिअरिंग वळवाल तसतसा पाय हळूहळू उचलायचा. प्रशिक्षक एवढंच म्हणाला : टायरची पकड म्हणजे खिशातले पैसे समजा, ब्रेकवर खर्च केलेत तर वळायला उरत नाहीत. आम्हा व्यापाऱ्यांना हे लगेच कळतं.

केमनसारख्या गाडीत याला आणखी एक बाजू आहे. इंजिन मधोमध असल्याने गाडी चटकन वळते, आणि फिरायची झाली तर तितक्याच चटकन फिरते. वळणाच्या मध्यावर भीती वाटून ॲक्सिलरेटरवरून पाय झटकला की मागची बाजू बाहेर यायला निघते. पाणी मारलेल्या जागेवर, स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करून, हे मुद्दाम करायला लावलं. गाडी घसरली की नजर जिकडे जायचंय तिकडे. शंकूकडे बघाल तर शंकूलाच जाऊन भिडाल. घाबरलेला माणूस नेमकं तेच बघतो जे चुकवायचंय.

दुपारनंतर ट्रॅक. आधी प्रशिक्षकाच्या गाडीमागे रांगेत, मग तो शेजारी बसून. बाहेरून आत, आतून बाहेर ही रेषा सगळ्यांना ठाऊक असते. मजा आहे ती आतला बिंदू जरा उशिरा पकडण्यात. धीर धरून उशिरा वळलात तर बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर सरळ होतं आणि ॲक्सिलरेटर लवकर देता येतो. लवकर आत घुसलात तर बाहेर पडताना रस्ता संपतो. मुख्य सरळ पट्ट्यानंतरचं पहिलं वळण, तिथे त्याला सी-वन म्हणतात, त्यात शिरताना मला जी काही प्रार्थना आठवली ती इथे लिहीत नाही.

घामाचं म्हणाल तर आपण सोलापूरच्या उन्हात वाढलेली माणसं, पण ते ऊन कोरडं. हेल्मेटमध्ये चेन्नईची दमट हवा हा वेगळाच प्रकार आहे.

माझं मत : शिकायला जायचं तर आपलीच गाडी न्या, आणि तिच्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांवर चालवा. तिथली गाडी घेतलीत तर तंत्र कळेल, पण घरी परतल्यावर आपल्या ब्रेकचा पेडल किती खोल जातो, आपली गाडी घसरण्याआधी सीटमधून काय सांगते, हे कोरंच राहील. खर्च होतो. टायर आणि पॅड झिजतात, ते फीमध्येच धरा.

---

कडक_भाकरी

का बे, चालवतोस कुठं ही सोलापुरात? सात रस्त्याच्या सिग्नलला? की गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत पार्क चौकात? 😄

लिहिलंयस मात्र झकास. जळजळ झाली, इनो घेतो आणि परत वाचतो.

---

होटगी_रोडकर

@कडक_भाकरी, पहाटे विजापूर रोडला. तेही ऐंशीने, कारण उसाचा सीझन सुरू झाला की दिवा नसलेली ट्रॉली कुठून पुढ्यात येईल सांगता येत नाही. त्या ब्रेकच्या सरावाचा उपयोग ट्रॅकपेक्षा तिथेच जास्त.

---

गॅरेजवाले_अण्णा

शेठ, एक गोष्ट लिहायची राहिली. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणारा द्रव!

लोक टायर बघतात, पॅड बघतात, फ्लुइड कोणी बघत नाही. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं असलं तर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. रस्त्यावर काही कळत नाही. ट्रॅकवर लागोपाठ ब्रेक मारले की पॅड दाबणारं कॅलिपर तापतं, फ्लुइडमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल थेट खाली जातो आणि गाडी थांबत नाही. १०० ऐवजी १४० वरून गाडी थांबवायची तर ऊर्जा जवळपास दुप्पट, ती सगळी उष्णता होऊन डिस्क-पॅडमध्येच जाते.

म्हणून जायच्या आधी नवं फ्लुइड, सीलबंद डब्यातलं. अर्धवट वापरून ठेवलेला डबा चालणार नाही. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने, या गाडीला १६० न्यूटन-मीटर. पान्यावर उभं राहून नाही!

आणि ट्रॅकवरून आत आल्या आल्या हँडब्रेक लावायचा नाही. आधी एक फेरी हळू, ब्रेक न वापरता. मग गाडी पार्कमध्ये टाकून चाकाला ठोकळा. तापलेल्या डिस्कला पॅड दाबून ठेवला की त्या जागी पॅडचा थर चिकटतो, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि लोक माझ्याकडे येऊन म्हणतात डिस्क वाकली.

---

होटगी_रोडकर

अण्णा, हे वर मूळ लेखातच असायला हवं होतं. संपादक मंडळाला जोडता आलं तर बघा. टायरच्या हवेचंही सांगतो : ट्रॅकवर टायर तापले की दाब पाच-सहा पीएसआयने सहज चढतो. त्यामुळे गरम असतानाच मोजून थोडी हवा सोडायची, आणि घरी निघण्याआधी, टायर गार झाल्यावर, परत भरायची. ही शेवटची पायरी विसरून लोक तसेच महामार्गाला लागतात.

---

नियमावर_बोट

लेख वाचनीय आहे, पण विम्याचा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं. खाजगी गाडीच्या पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो, तो काढून वाचा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग, हे सगळं वगळलेलं असतं. शिकायला गेलो होतो, शर्यत नव्हती, हा युक्तिवाद तुम्ही कराल. विमा कंपनीचा सर्व्हेअर मान्य करेल याची खात्री बाळगू नका. भिंतीला घासली तर खर्च तुमचा, असं धरूनच जावं.

दुसरं, ज्यांना ट्रॅकचा खर्च परवडत नाही म्हणून पुणे रोडवर हात साफ करायचाय त्यांच्यासाठी : मोटार वाहन कायद्याचं कलम १८९. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

---

होटगी_रोडकर

विम्याचं शंभर टक्के मान्य. जाण्याआधी एजंटला विचारलं होतं, त्याने तेच सांगितलं. म्हणूनच ऐंशी टक्क्यांवर चालवा म्हणतोय. गाडीचं नुकसान खिशातून भरायची तयारी नसेल तर तिथली गाडी भाड्याने घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

---

लालपरी_निवृत्त

मी एसटीत होतो, सोलापूर विभाग. सगळं वाचलं. तुमच्या त्या प्रशिक्षकाने जे सांगितलं त्यातलं निम्मं आम्हाला जुन्या ड्रायव्हर लोकांनी घाटात शिकवलं होतं, फुकट. नजर लांब ठेव. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात ब्रेकला हात... म्हणजे पाय लावू नको. पासष्ट माणसं आत उभी-बसलेली असताना ब्रेक झटक्यात सोडला की मागून आवाज येतो, तेव्हा ब्रेक हळू सोडायला आम्ही आपोआप शिकलो.

एक पटलं नाही. वळायला लागल्यावरही ब्रेक धरून ठेवायचा, हे नव्या पोरांना सांगू नका. ओल्या रस्त्यावर उताणे पडतील.

---

होटगी_रोडकर

काका, नमस्कार. तुमचं बरोबर आहे आणि स्कूलमध्येही क्रम तोच होता. आधी सगळा ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, मगच वळायचं. ते अंगात मुरल्यावर ब्रेक थोडा आत ओढत न्यायला शिकवलं, तेही कोरड्या ट्रॅकवर, बाजूला मोकळी जागा असताना. रस्त्यावर मी पहिलीच पद्धत वापरतो. पासष्ट माणसांची शिस्त आम्हाला कुठून येणार!

---

डबल_डिक्लच

धागाकर्त्याशी एका मुद्द्यावर मतभेद. "आपलीच गाडी न्या" हे केमनवाल्यांसाठी ठीक, सरसकट नाही. ज्याने कधी ट्रॅक पाहिला नाही त्याने ३०० पीएसमध्ये शिकू नये. ताकद जास्त असली की वळणात केलेला गोंधळ पुढच्या सरळ पट्ट्यावर झाकला जातो. १०० पीएसच्या गाडीत वळणात घालवलेला वेग परत मिळवायला अर्धा पट्टा जातो, म्हणून चूक लगेच कळते. कोइम्बतूरला काही स्कूल एकसीटर फॉर्म्युला गाडीत बसवतात. त्यात ना एबीएस, ना पॉवर स्टिअरिंग. टायर काय म्हणतात ते थेट हाताला कळतं.

शिवाय पीडीके! हील-अँड-टो (ब्रेक मारता मारता त्याच पायाने रेस देऊन गिअर खाली टाकणं) शिकलात का? नाही. गाडीच शिकलीय ते.

---

होटगी_रोडकर

हा हा, शेवटचं वाक्य झोंबलं. पीडीके खाली गिअर टाकताना स्वतःच इंजिनाचे फेरे (रेव्ह) जुळवतो, हे खरं. माझ्या डाव्या पायाला दिवसभर सुट्टी होती.

ताकदीचं म्हणणं पटतं. पण तुम्ही रेसिंग शिकण्याबद्दल बोलताय. मला लॅप टायमिंग नकोच होतं. जी गाडी दारात उभी आहे, जिच्यात शेजारी बायको बसते, ती हाताबाहेर जायला लागली तर काय करायचं, तेवढं हवं होतं. त्याला तीच गाडी लागते.

---

जुळे_सोलापूरची_सई

फार माहितीपूर्ण धागा. मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिला याचं भारी वेड. आमच्याकडे स्पोर्ट्स कार वगैरे नाही, आय-ट्वेंटी आहे, मॅन्युअल. अशी गाडी आणलेली चालते का? मुली असतात का तिथे? आणि झेंड्यांचं काय असतं, ती सारखी काहीतरी सांगत असते, मला कळत नाही.

---

होटगी_रोडकर

ताई, हॅचबॅक चालतेच, आमच्या बॅचमध्ये होत्या. त्यातली एक मॅन्युअल हॅचबॅक चालवणारी मुलगी वळणांत आमच्यातल्या निम्म्यांना मागे टाकत होती. मला बाजूला होऊन हात दाखवून तिला पुढे सोडावं लागलं. तिथे नियमच तसा असतो : पुढच्याने खिडकीतून हात करून वाट दिल्याशिवाय मागच्याने ओव्हरटेक करायचं नाही, आणि तेही ठरलेल्या सरळ पट्ट्यावरच.

झेंडे : पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे) परत. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. काळा म्हणजे तुमच्यासाठीच, आत या, बोलायचंय. चौकटीचा म्हणजे संपलं. झेंडा दाखवणारा माणूस कुठे उभा आहे हे पहिल्या फेरीतच बघून ठेवायला सांगा तिला.

तिच्या गाडीलाही अण्णांनी सांगितलेलं फ्लुइड आणि पॅडचं सगळं लागू. उलट छोट्या गाडीचे मूळचे पॅड लवकर तापतात, त्यामुळे दोन-तीन जोरदार फेऱ्या झाल्या की एक फेरी सावकाश मारायची. पेडल मऊ लागला की लगेच आत यायचं.

---

डबल_डिक्लच

@सई ताई, मॅन्युअल आहे तर तिला हील-अँड-टो घरीच शिकू दे. इंजिन बंद ठेवून, गाडी दारात उभी असताना. उजव्या पायाची बोटं ब्रेकवर, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी. बूट पातळ तळव्याचे हवेत, स्पोर्ट्स शूजचा जाड फोम पेडल कळू देत नाही. आणि हेल्मेट घेताना स्कूलला विचारून घ्या. हेल्मेट प्रमाणित करणाऱ्या स्नेल संस्थेचं एसए मानांकन मोटारीसाठी असतं, त्यातलं अस्तर आगीला तोंड देणारं असतं. एम मानांकन बाइकचं.

---

कडक_भाकरी

वाचनखूण साठवली. एकच शंका : ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाऊ का? दिवाळीला सुट्टी आहे.

---

होटगी_रोडकर

त्या दिवसांत चेन्नईला परतीचा मान्सून असतो, आपल्याकडचा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ओल्या ट्रॅकवर शिकायला मिळतं हा फायदा, पण सत्रं रद्द होण्याची भीती. जानेवारी-फेब्रुवारी बरा. फक्त जानेवारीत गड्डा आहे, घरचे सोडतील का ते बघ.

अण्णा, पुढच्या पॅडचा सेट मागवलाय, आला की गाडी आणतो. जुने काढताना मागचेही बघून ठेवा.

---

गॅरेजवाले_अण्णा

सकाळी आठच्या आत आण. नवे पॅड बसवले की लगेच विजापूर रोडला नेऊन घासून आणावे लागतात, साठवरून वीसवर, मधे गार होऊ देत, पूर्ण न थांबता. नऊनंतर त्या रस्त्याला ट्रक लागतात, मग जमत नाही. आणि चटणी उरली असली तर डबा घेऊन ये.